सलग नऊ अजिंक्यपदांचा अर्थ : अपर्णा पोपट यांच्या क्रीडाजीवनाचे विवेचन

भारताच्या राष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धेत एकेरीचे अजिंक्यपद सलग नऊ वेळा मिळविण्याचा पराक्रम पुरुषांत प्रकाश पडुकोण यांनी केला, तर महिलांत मुंबईच्या अपर्णा पोपट यांनी. पडुकोण यांची विजयमालिका १९७१ ते १९७९ या काळातील होय. पोपट यांनी १९९७ साली पहिले व २००६ साली नववे अजिंक्यपद मिळविले. आकडा एकच असला तरी लोकस्मृतीत या दोन नावांना मिळालेले स्थान मात्र सारखे नाही. पडुकोण यांचे नाव क्रीडेशी फारसा संबंध नसलेल्या माणसासही ठाऊक असते. पोपट यांचे नाव सांगितले तर पुष्कळदा त्यापुढे परिचयाचे एक वाक्य जोडावे लागते. याचे उघड कारण असे, की पडुकोण यांनी १९८० साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली आणि त्या एका विजयाच्या प्रकाशात त्यांची राष्ट्रीय अजिंक्यपदेही उजळून निघाली. पोपट यांच्या वाट्याला तसा विजय आला नाही.

परंतु एवढ्याने विषय संपत नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद म्हणजे नेमके कशाचे माप? एकाच व्यक्तीने ते नऊ वेळा मिळवावे, यातून तिच्या गुणवत्तेविषयी किती आणि तिच्या भोवतालच्या क्रीडाव्यवस्थेविषयी किती अनुमान काढता येते? एका क्रीडाजीवनाचा आधार घेऊन या दोन प्रश्नांचा उलगडा करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. परंपरा आणि तिचा अरुंद पाया

बॅडमिंटनचे महाराष्ट्राशी असलेले नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत पुण्याच्या लष्करी छावणीत हा खेळ इंग्रज अधिकारी खेळत असत आणि त्याचे काही आरंभीचे नियम तेथेच आकारास आले. इंग्लंडमध्ये त्या काळी या खेळास पुण्याच्या नावावरूनही ओळखले जाई. इंग्लंडची बॅडमिंटन संघटना १८९३ साली व भारताची १९३४ साली स्थापन झाली. त्यानंतरच्या दशकात पुण्याच्याच एका घराने महिलांच्या खेळावर आपली मुद्रा उमटविली. विख्यात क्रिकेटपटू प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तीन कन्या १९४० नंतरच्या वर्षांत राष्ट्रीय पातळीवर अग्रभागी होत्या. पुरुषांच्या खेळात सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर यांनी १९५६ साली मलायातील सेलांगोर येथील स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारे पहिले भारतीय होण्याचा मान संपादन केला.

महिलांच्या एकेरीतील पुढील इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते : अजिंक्यपदे मोजक्या हातांत एकवटलेली आहेत. उत्तर प्रदेशच्या मीना शहा यांनी १९५९ ते १९६५ अशी सलग सात वर्षे ते राखले. मुंबईच्या अमी घिया यांनीही सात वेळा ते मिळविले. १९७८ साली एडमंटन येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत कंवल ठाकूर सिंग यांच्यासह त्यांनी दुहेरीचे कांस्यपदकही जिंकले. मधुमिता बिश्त यांच्या नावावर आठ एकेरी अजिंक्यपदे आहेत. त्यानंतर पोपट यांची नऊ. सात, सात, आठ, नऊ हा क्रम केवळ योगायोगाचा म्हणता येणार नाही.

एखाद्या स्पर्धेचे अजिंक्यपद दीर्घकाळ एकाच व्यक्तीकडे राहण्यास दोन कारणे संभवतात. ती व्यक्ती असामान्य असणे, हे एक. तिला आव्हान देऊ शकणाऱ्यांची संख्या अल्प असणे, हे दुसरे. खेळाचा पाया विस्तृत असला म्हणजे दरवर्षी खालच्या थरांतून नवे प्रतिस्पर्धी वर येतात आणि श्रेष्ठ खेळाडूसही आपले स्थान फार काळ टिकविणे अवघड जाते. पाया अरुंद असला तर शिखरावरील व्यक्ती तेथे दीर्घकाळ राहते. म्हणून नुसत्या विजयांच्या संख्येवरून गुणवत्तेचा निवाडा देणे हे तर्कदृष्ट्या सदोष होय. या संख्येस दुसऱ्या एखाद्या स्वतंत्र मापाची जोड द्यावी लागते, आणि बॅडमिंटनमध्ये असे माप म्हणजे देशाबाहेरील कामगिरी.

हे माप लावले असता पोपट यांच्या बाबतीत उत्तर निःसंदिग्ध मिळते. १९९६ साली डेन्मार्कमधील सिल्केबोर्ग येथे भरलेल्या जागतिक कुमार स्पर्धेत त्यांनी मुलींच्या एकेरीत रौप्यपदक मिळविले. १९९८ साली क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत त्या अंतिम फेरीत पोचल्या व वेल्सच्या केली मॉर्गन यांच्याकडून पराभूत होऊन रौप्यपदकाच्या मानकरी ठरल्या. २००२ साली मँचेस्टर येथे त्यांना कांस्यपदक लाभले. सिडनी (२०००) व अथेन्स (२००४) या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धांत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले आणि २००५ साली त्यांस अर्जुन पुरस्कार देण्यात आला. तात्पर्य, देशातील स्पर्धा दुबळी होती म्हणून त्या नऊ वेळा जिंकल्या, असे म्हणण्यास आधार नाही. देशातील स्पर्धा दुबळी होती हे मात्र खरे, आणि त्या दुबळेपणाची किंमत त्यांनाच मोजावी लागली. ती कशी, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

२. घडण : मुंबई आणि बंगळूर

अपर्णा पोपट यांचा जन्म १९७८ साली मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. १९८६ साली, वयाच्या आठव्या वर्षी, त्या प्रशिक्षक अनिल प्रधान यांच्या हाताखाली शिकू लागल्या. पुढे १९९४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी मुंबई सोडली आणि बंगळूर येथे त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रकाश पडुकोण यांच्या प्रबोधिनीत त्या दाखल झाल्या. पुढील दोनच वर्षांत जागतिक कुमार स्पर्धेतील रौप्यपदक त्यांच्या हाती आले.

या स्थलांतराचे महत्त्व समजण्यासाठी खेळाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. एकेरीचे प्रांगण १३.४० मीटर लांब व ५.१८ मीटर रुंद असते. म्हणजे जाळ्याच्या एका बाजूस प्रत्येक खेळाडूस सुमारे ३५ चौरस मीटर भूमी राखावयाची असते. हे क्षेत्र दिसावयास लहान. परंतु फुलाचा वेग, त्याचे एकाएकी मंदावणे आणि खाली येणे यांमुळे त्या क्षेत्राचे चारही कोपरे क्षणाक्षणाला धोक्यात येत असतात. पुढच्या कोपऱ्यात वाकून घेतलेले फूल परतविल्यावर मागच्या कोपऱ्याकडे उलट्या पावलांनी धावणे, आणि तेथून पुन्हा मध्यावर येणे, ही या खेळातील मूलभूत हालचाल होय. धावपटूस एकट्याने सराव करता येतो. बॅडमिंटनच्या खेळाडूस तो येत नाही. समोरचा खेळाडू ज्या दर्जाचा फटका परतवील त्याच दर्जाचा सराव आपल्या वाट्यास येतो. आपल्याहून दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशी रोज खेळणाऱ्या खेळाडूचे हात नकळत मंद होतात, आणि ज्या फटक्यास घरी कोणी उत्तर देत नाही, त्यास परदेशी उत्तर येते तेव्हा पाय जागीच खिळतात.

प्रबोधिनी म्हणजे केवळ चांगला प्रशिक्षक नव्हे. एकाच छपराखाली सारख्या योग्यतेचे अनेक खेळाडू, दिवसभर उपलब्ध असणारी प्रांगणे, शरीरसामर्थ्याची नियमित जोपासना आणि स्पर्धांचे नियोजन यांचा तो समुच्चय असतो. जिमखान्यातील ठराविक तासांचे शिक्षण व प्रबोधिनीतील अखंड शिक्षण यांत जो फरक आहे, तोच हौस आणि व्यवसाय यांतही आहे. पोपट यांच्या पिढीने हा उंबरठा ओलांडला. त्यांच्या क्रीडाजीवनाचे ऐतिहासिक महत्त्व अंशतः यात आहे. या स्थित्यंतराची दुसरी बाजू आर्थिक आहे. संस्थानिकांचा व धनिकांचा आश्रय मागे पडल्यानंतर भारतात खेळाडूंच्या चरितार्थाचा भार प्रामुख्याने रेल्वे, बँका व तेल कंपन्या यांसारख्या सार्वजनिक क्षेत्रातील उद्योगांनी उचलला. पोपट यांनाही इंडियन ऑइल कॉर्पोरेशनमधील नोकरीचा असा आधार होता.

३. गुणपद्धतीचे गणित

पोपट यांचे जवळजवळ सारे क्रीडाजीवन जुन्या गुणपद्धतीत व्यतीत झाले. त्या पद्धतीत महिलांच्या एकेरीचा डाव ११ गुणांचा असे (पुरुषांचा १५ गुणांचा) आणि तीनपैकी दोन डाव जिंकणारी खेळाडू विजयी होई. मुख्य नियम असा, की जिच्याकडे सर्व्हिस तिलाच गुण मिळविता येई. दुसरीने रॅली जिंकली तर तिला गुण मिळत नसे. केवळ सर्व्हिस तिच्याकडे जाई. २००१च्या सुमारास पाच डाव व प्रत्येक डाव ७ गुणांचा असा प्रयोग आंतरराष्ट्रीय संघटनेने करून पाहिला व २००२ साली तो सोडून दिला. अखेर २००६ साली प्रत्येक रॅलीस गुण देणारी, २१ गुणांच्या डावाची आजची पद्धती आली.

या जुन्या नियमाचा परिणाम साध्या गणिताने दाखविता येतो. दोन खेळाडूंपैकी पहिली शंभरांपैकी सरासरी ५५ रॅली जिंकते आणि दुसरी ४५, असे समजू. सर्व्हिस कोणाकडे आहे याने त्यात फरक पडत नाही, असेही गृहीत धरू. आजच्या पद्धतीत दोघींच्या गुणांचे प्रमाण तेच, म्हणजे ५५ व ४५ राहील. जुन्या पद्धतीत मात्र प्रतिस्पर्धिनीकडे सर्व्हिस असता गुण मिळवावयाचा तर लागोपाठ दोन रॅली जिंकाव्या लागत : पहिली सर्व्हिस आणण्यासाठी व दुसरी गुणासाठी. त्यामुळे दीर्घकालीन सरासरीत गुणांचे प्रमाण रॅलींच्या प्रमाणाच्या वर्गाइतके होते. ५५ व ४५ यांच्या वर्गांचे प्रमाण ३०२५ व २०२५. म्हणजे शंभर गुणांपैकी सुमारे ६० गुण पहिलीच्या पदरी पडतात. रॅलींतील प्रमाण ६० व ४० असेल तर गुणांतील प्रमाण सुमारे ६९ व ३१ होते.

याचा अर्थ असा, की थोडेसेच पण स्थिर असे श्रेष्ठत्व जुन्या पद्धतीत वाढून दिसे. अर्थात डाव ११ गुणांचा असल्यामुळे अपघातास वाव होता आणि तो परिणाम वरील परिणामास काही अंशी छेद देई, हेही नमूद केले पाहिजे. तरीही जी खेळाडू चुका कमी करते, लांबलेल्या रॅलीत धीर सोडत नाही आणि सर्व्हिस गमावल्यावर प्रतिस्पर्धिनीस गुण न देता ती परत मिळविते, तिला ही पद्धती अनुकूल होती. देशातील सामन्यांत हे गणित पोपट यांच्या बाजूने होते. जगातील अग्रगण्य खेळाडूंसमोर उभे राहिले की तेच गणित उलटे फिरे. ज्या नियमाने देशातील अंतर वाढवून दाखविले, त्यानेच परदेशातील अंतरही वाढवून दाखविले.

४. बाहेरचे जग

ते अंतर किती होते, हे त्या काळच्या ऑलिंपिक पदकांवरून कळते. सिडनी व अथेन्स येथे महिलांच्या एकेरीत मिळून सहा पदके दिली गेली. त्यांपैकी चार चीनच्या खेळाडूंनी नेली. सिडनीस गाँग झिचाओ यांनी सुवर्ण व ये झाओयिंग यांनी कांस्य, अथेन्सला झांग निंग यांनी सुवर्ण व झोउ मी यांनी कांस्य मिळविले. उरलेली दोन रौप्यपदके डेन्मार्कच्या कॅमिला मार्टिन व हॉलंडकडून खेळणाऱ्या मिया ऑडिना यांना लाभली. ऑडिना यांची घडण इंडोनेशियात झाली होती. चीन, इंडोनेशिया व डेन्मार्क या तिन्ही देशांत समान असलेली गोष्ट म्हणजे सरावाची दाट वस्ती. तेथील पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूस तिसऱ्या व पाचव्या क्रमांकाची खेळाडू रोज घाम फोडीत असे. भारतातील अजिंक्यवीरास असा प्रतिस्पर्धी मिळविण्यासाठी विमानाने प्रवास करावा लागे. पायाच्या अरुंदतेची किंमत पोपट यांनाच मोजावी लागली असे वर म्हटले, ते या अर्थाने.

यात शरीराची कसोटी होती आणि नियमांचीही. २००० साली सर्दीवरील एका सामान्य औषधातून निषिद्ध द्रव्य शरीरात गेल्यामुळे पोपट यांना काही काळ स्पर्धांपासून दूर राहावे लागले. द्रव्यचाचणीचे तत्त्व असे, की खेळाडूच्या शरीरात काय आढळले याची जबाबदारी सर्वस्वी खेळाडूची. हेतू कोणता होता हा प्रश्न त्यानंतरचा. घरोघरी घेतली जाणारी गोळीही खेळाडूने वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये, हा धडा त्या प्रसंगातून भारतीय क्रीडाक्षेत्रास मिळाला. ज्या देशांत संघाबरोबर वैद्य असतो तेथे ही दक्षता व्यवस्थेकडून घेतली जाते. जेथे नसतो तेथे ती एकट्या खेळाडूच्या माथी येते. त्याच वर्षी त्या सिडनीस खेळल्या आणि राष्ट्रीय अजिंक्यपदही त्यांनी हातचे जाऊ दिले नाही. त्यांच्या मनोबलाचा याहून बोलका पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

शेवटी मनगटाने साथ सोडली. बॅडमिंटनमध्ये मनगट व अग्रबाहू यांचे कार्य विशेष नाजूक असते. फटक्याची दिशा अखेरच्या क्षणी बदलण्याचे सारे कौशल्य त्यांच्या फिरण्यावर अवलंबून असते आणि हजारो वेळा होणाऱ्या त्या हालचालीचा ताण सांध्याच्या कोमल भागांवर साचत जातो. २००६ साली या दुखापतीमुळे पोपट यांनी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती पत्करली. त्यांचे वय तेव्हा २८ वर्षांचे होते.

५. छपराचा प्रश्न

येथे एक प्रश्न विचारणे क्रमप्राप्त आहे. अशी खेळाडू मुंबईतच का घडावी? बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावी ती का घडू नये?

बीड जिल्ह्यास क्रीडागुणांचे वावडे नाही. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे लष्करात दाखल झाल्यावर ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक जिंकले. पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ साली गोल्ड कोस्ट येथे कुस्तीत सुवर्णपदक मिळविले. रस्ता, माळ आणि तालीम ही साधने गावात असतात. धावणे पायांवर चालते आणि कुस्ती मातीवर. दोहोंच्या पाठीशी गावची परंपराही उभी असते.

बॅडमिंटनची गोष्ट वेगळी आहे. सोळा पिसांच्या फुलाचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असते. एवढ्या हलक्या वस्तूस वाऱ्याची झुळूकही दिशाभ्रष्ट करते. म्हणून गंभीर खेळास बंदिस्त सभागृह अपरिहार्य होते. सभागृहाचे छत उंच हवे, प्रकाश डोळ्यांवर न येणारा हवा, भूमी पायास लवचीक हवी. पिसांचे फूल काही रॅलींतच निकामी होते आणि चांगल्या सरावात रोज अनेक फुले खर्ची पडतात. दरवर्षी ऊसतोडणीसाठी जेथून असंख्य कुटुंबे सहा-सहा महिने गाव सोडतात, त्या प्रदेशातील मुलीस आठव्या वर्षी प्रशिक्षकाच्या हाती सोपविणे म्हणजे काय, याची कल्पना यावरून येईल. तिच्याजवळ गुण नसतो असे नाही. गुण आहे की नाही हे कळण्याची पहिली पायरीच तेथे बांधलेली नसते. राष्ट्रीय अजिंक्यपदे मोजक्या हातांत आणि मोजक्या नगरांत एकवटण्याचे मूळ येथे आहे. ज्या समाजात खेळाडूंची निवड प्रथम छपराने होते आणि मग गुणाने, तेथील शिखर उंच असू शकते, पण पाया रुंद होऊ शकत नाही.

६. समारोप

२००६ साली बंगळूर येथे झालेल्या अंतिम सामन्यात पोपट यांच्यासमोर पंधरा वर्षांची सायना नेहवाल होती. तो सामना जिंकून पोपट यांनी नववे अजिंक्यपद मिळविले. पुढील घटना सर्वांस विदित आहेत : नेहवाल यांनी २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले; पी. व्ही. सिंधू यांनी २०१६ साली रिओ येथे रौप्य व २०२१ साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले आणि २०१९ साली त्या जगज्जेत्याही झाल्या. पूर्णवेळ प्रबोधिनी, परदेशी स्पर्धांचा नियमित क्रम आणि शरीरशास्त्राची जोड या ज्या गोष्टी पोपट यांच्या काळात नवलाईच्या होत्या, त्या या दोघींच्या काळात हैदराबादेत प्रस्थापित झाल्या होत्या. पूर्वीच्या खेळाडूंचे अनुभव व त्यांची उणीव, दोन्ही त्या व्यवस्थेच्या पायात आहेत.

या दृष्टीने पाहिले असता नऊ अजिंक्यपदांचा अर्थ दुहेरी ठरतो. एका बाजूस ती एका खेळाडूच्या सातत्याची, संयमाची व आत्मशासनाची साक्ष देतात. नऊ वेळा प्रत्येक नव्या प्रतिस्पर्धिनीस उत्तर शोधणे ही गोष्ट सामान्य नव्हे. दुसऱ्या बाजूस ती एका व्यवस्थेच्या तोकडेपणाचीही साक्ष देतात. पहिल्या साक्षीबद्दल आदर बाळगावा आणि दुसरीकडे डोळेझाक करू नये, हेच अभ्यासकाचे कर्तव्य होय. जेव्हा एखादे राष्ट्रीय अजिंक्यपद सलग तीन वर्षे राखणेही कठीण होऊ लागेल आणि ते पटकाविणाऱ्यांत उमापूरसारख्या गावाच्या मुलीचे नाव येईल, तेव्हाच हा खेळ खऱ्या अर्थाने देशाचा झाला असे म्हणता येईल.